आईला रोज संध्याकाळी खोटं सांगते. बुद्धाच्या शीलात करुणा आधी की सत्य?

चोडणची_शिक्षिका

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारला की "एवढं काय त्यात, बोला खोटं" असं उत्तर येतं, आणि ते घरातल्यांनी मला आधीच देऊन झालंय.

मी चोडण बेटावर राहते. प्राथमिक शाळेत मराठी शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात मी आणि आई, दोघीच. आईला त्र्याऐंशी पूर्ण झाली. चार वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

बाबा पणजीला एका दुकानात हिशेब लिहायचे. सकाळी फेरीबोटीने रायबंदर, तिथून बसने पणजी, संध्याकाळी त्याच वाटेने परत. जवळजवळ चाळीस वर्षं. आता आई बाकी सगळं विसरली. मला कधी "बाय" म्हणते, कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. पण संध्याकाळी सव्वासहा वाजले की उठते, केसांवरून हात फिरवते, पदर सारखा करते आणि सोप्यावर येऊन बसते. वारा नदीकडचा असला तर फेरीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकल्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येतो. तो आला की विचारते, "अजून येवंक नात ते?"

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. जवळ बसून, हात हातात घेऊन सांगितलं, की आई, बाबा आपल्यात नाहीत, अकरा वर्षं झाली. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "माका कोणेंच सांगलें ना." मग हात कपाळावर नेला. तिथे कुंकू नव्हतं. बोटांनी एकदा चाचपून पाहिलं आणि तिला माझं म्हणणं पटलं. रात्रभर रडली. पेजेचा घोट घेतला नाही. सकाळी उठली ती कोऱ्या पाटीसारखी, आणि संध्याकाळी पुन्हा सोप्यावर.

मी तीन दिवस खरं सांगितलं. तीन दिवसांत ती तीनदा विधवा झाली.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "ह्या फेरीक गर्दी आशिल्ली. फुडल्या फेरीन येतले." ती "बरें" म्हणाली आणि चहा मागितला. तेव्हापासून दीड वर्ष मी हेच वाक्य म्हणते आहे.

आता बुद्धाचं. मी बौद्ध नाही, गावच्या देवळात जाते, जत्रेला असते. पण निवृत्तीनंतर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले होते. पहिल्याच संध्याकाळी पाच शीलं घेतली. "मुसावादा वेरमणी", म्हणजे खोटं बोलणार नाही, असं म्हणताना मला वाटलं होतं, हे तर सोपं आहे, आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं. घरी आले आणि महिन्याभरात हे सुरू झालं. सकाळी बैठकीला बसते तेव्हा आदल्या संध्याकाळचं वाक्य समोर येऊन बसतं.

शाळेत मी "सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्" पाठ करून घ्यायचे. त्या श्लोकाने दोन्ही दारं बंद केली आहेत: अप्रिय सत्य बोलू नका, आणि प्रिय असलं तरी असत्य बोलू नका. मग माणसाने संध्याकाळी सव्वासहाला करायचं काय?

धाकटा भाऊ मडगावला असतो. रविवारी दुपारी येतो. त्याचं म्हणणं, आईला फसवायचं नाही, तो तिचा अपमान आहे. मागच्या महिन्यात त्याने तिला सरळ सांगितलं आणि पाचच्या फेरीने गेला. ती रात्र मी काढली. मला त्याचा इतका राग आला होता की चार दिवस फोन उचलला नाही. पण त्याचं म्हणणं चूक आहे, असंही मला ठामपणे म्हणता येत नाही.

तर विचारायचं ते हे. बुद्धाच्या शिकवणीत सगळ्या शीलाचा पाया करुणा आहे, असं वाचलंय आणि ऐकलंय. घराचा पाया चिऱ्यांचा, वर भिंती. करुणा पाया असेल आणि सत्य ही एक भिंत, तर पायाला तडा जाऊ नये म्हणून भिंत काढली तर चालतं का? की प्रत्येक शील आपापल्या जागी स्वतंत्र उभं आहे, आणि मी रोज संध्याकाळी एक मोडते आहे? कुणी पाली ग्रंथ वाचलेलं असेल तर सांगावं. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नये, ही विनंती.

निवृत्त_सिस्टर_म्हापसा

बाय, मला पाली येत नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यावरून लिहिते.

संध्याकाळी असं होतंच. उजेड उतरला की या रोग्यांना सुचेनासं होतं, कुणाला घरी जायचं असतं, कुणाला गुरं बांधायची असतात. आमच्याकडे एक म्हातारे होते, रोज रात्री आठला "गोठ्यात वासरू सुटलंय" म्हणून उठायचे. नवीन मुली त्यांना समजवायच्या, अहो हे हॉस्पिटल आहे. ते आणखी चिडायचे. मी त्यांचा हात धरून "चला, बघून येऊ" म्हणायचे. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचो, परत यायचो, ते झोपायचे. ते खोटं होतं का, असं मी कधी स्वतःला विचारलं नाही. आज तुमचं वाचून विचार करते आहे.

एक सांगते. आई "ते आले नाहीत?" विचारते, तेव्हा तिला फेरीचं वेळापत्रक नको असतं, आणि मरणाची बातमीही नको असते. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत असतं. त्या वाटण्याला उत्तर द्या. "तुका तांची याद येता?" असं विचारून बघा. ते येताना काय आणायचे, विचारा. तिला बोलू द्या.

आणि पाचलाच दिवे लावा, अंधार पडायची वाट बघू नका. हातात काहीतरी द्या, तांबडी भाजी निवडायला, लसूण सोलायला. नीट नाही निवडली तरी चालेल. तुम्ही जेवता का वेळेवर?

पाली_वाचक_फोंडा

शिक्षिकाताई, सिस्टरांचं उत्तर हातांनी कमावलेलं आहे, माझं पुस्तकातलं. पण तुम्ही पुस्तकातलं विचारलंत आणि गोड करू नका म्हणालात, म्हणून सांगतो.

तुमचं ते वाक्य मुसावादच आहे. अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या भाष्यात, मुसावादाची चार अंगं दिली आहेत: गोष्ट खरी नसणं, फसवण्याचं चित्त, तसा प्रयत्न, आणि ऐकणाऱ्याला ते समजणं. चारही इथे आहेत. आपल्या मुलाला, राहुलाला, तर बुद्धाने थट्टेतही खोटं बोलायचं नाही, असं शिकायला सांगितलं. जातकांची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या कथांची, परंपरा याबाबत आणखी कडक आहे. हारित जातकात म्हटलंय की बोधिसत्त्वाच्या, म्हणजे पुढे बुद्ध होणाऱ्याच्या, हातून क्वचित इतर शीलं मोडतील, पण फसवण्यासाठी खोटं तो बोलत नाही.

पण तीच अट्ठकथा पुढे म्हणते की खोटं लहानमोठं असतं, आणि त्याने दुसऱ्याचं जेवढं नुकसान होतं तेवढं ते मोठं. आपली वस्तू द्यायची नाही म्हणून "नाही आमच्याकडे" म्हणणारा गृहस्थ आणि साक्षीला उभा राहून दुसऱ्याला बुडवणारा, यांना एका मापाने मोजलेलं नाही. माप कशाचं आहे बघा. समोरच्याला होणाऱ्या इजेचं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. दीघनिकायात, म्हणजे बुद्धाच्या लांब सुत्तांच्या (प्रवचनांच्या) संग्रहात, पहिल्या शीलाचं वर्णन "प्राणी मारत नाही" एवढ्यावर थांबत नाही. दंड खाली ठेवलेला, शस्त्र खाली ठेवलेलं, "लज्जी दयापन्नो सब्बपाणभूतहितानुकम्पी", म्हणजे लाज असलेला, दयेला पोचलेला, सगळ्या जीवांच्या हिताची कणव घेऊन राहणारा. धम्मपदात कारणही दिलंय: सगळे दंडाला भितात, सगळे मरणाला भितात, "अत्तानं उपमं कत्वा न हनेय्य न घातये". स्वतःवरून दुसऱ्याला ओळख आणि मारू नकोस, मारवू नकोस. देवाची आज्ञा म्हणून नाही, पुण्य मिळेल म्हणूनही नाही. मला दुखतं तसं त्याला दुखतं, एवढंच कारण. करुणा पाया आहे हे म्हणणं एवढ्या अर्थाने खरंच आहे.

आता तुमच्या सव्वासहाच्या सगळ्यात जवळ जाणारं सुत्त. मज्झिमनिकाय या दुसऱ्या संग्रहातलं अभयराजकुमार सुत्त. राजगृहात अभय राजपुत्र बुद्धाला पेचात पकडायला येतो: तथागत, म्हणजे बुद्ध, कुणाला अप्रिय वाटेल असं बोलेल का? राजपुत्राच्या मांडीवर एक तान्हं मूल असतं. बुद्ध विचारतो, या मुलाने तोंडात काटकी नाहीतर खडा घातला तर काय करशील? राजपुत्र म्हणतो, एका हाताने डोकं धरीन, दुसऱ्या हाताचं बोट वाकवून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची कणव आहे. बुद्ध मग बोलण्याचे प्रकार सांगतो. खरं की खोटं, हिताचं की अहिताचं, प्रिय की अप्रिय. गणिताने आठ जागा होतात. सुत्तात सहाच आहेत. गाळलेल्या दोन जागा म्हणजे "खोटं, पण हिताचं". शेवटी कारण दिलंय तेही ऐका: तथागताला जीवांविषयी अनुकंपा आहे म्हणून. म्हणजे सत्य बोलायचं ते करुणेपोटीच, आणि केव्हा बोलायचं याची वेळ ओळखायची तीही करुणेपोटीच. या दोघांची भांडणं लावायला बुद्ध तयार नाही.

महायान या नंतरच्या बौद्ध पंथाची वाट वेगळी आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात पेटलेल्या घरातून मुलांनी बाहेर यावं म्हणून बाप त्यांना गाड्यांचं आमिष दाखवतो, आणि हे खोटं नव्हे असं बुद्धाचा शिष्य शारिपुत्र म्हणतो. पण त्या मुलांना बाहेर आल्यावर कबूल केल्याहून मोठी गाडी मिळाली होती. तुमच्या पुढच्या फेरीने कुणी येणार नाही.

किसा गोतमी आठवा. मेलेलं मूल काखेत घेऊन ती औषध मागत हिंडत होती. बुद्धाने "तुझं मूल मेलंय" असं तोंडावर मारलं नाही, आणि "उठवतो" असंही म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातली मोहरी आण, म्हणाला. असं घर तिला सापडलंच नाही. तुमची मोहरी शोधा, एवढंच माझ्याकडे आहे.

चोडणची_शिक्षिका

दोघांचेही आभार. काल वाचलं, लगेच लिहवलं नाही.

फोंड्याच्या वाचकांना एक कबुली देते. "फुडल्या फेरीन येतले" म्हणताना मी आईकडे बघत नाही. गॅसवर आमटी असते, हातात डाव असतो, मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगते. पहिल्या दिवशी मी ते तिचं रडणं बघवेना म्हणून बोलले होते. आता मला संध्याकाळ शांत हवी असते म्हणून बोलते. वाक्य तेच आहे, पण दीड वर्षात कधीतरी आतलं बदललं आणि मला कळलं नाही. यालाच मी करुणा म्हणत होते.

आणि भावाचं सत्य? तोही सांगून पाचच्या फेरीने निघून गेला.

बंदर_वास्को

ताई, जय भीम. तुमची कबुली वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील सिंधुदुर्गातून मुरगाव बंदरात कामाला आले, मी इथेच वाढलो. आमच्या घरी पंचशील रोज म्हटलं जातं, आजीपासून.

प्रत्येक शील घेताना आपण "सिक्खापदं समादियामि" म्हणतो, त्यात सिक्खापद म्हणजे शिकायचा पाठ. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला अधिक काय सांगू. पाठ चुकला की मूल शाळेतून काढत नाही आपण, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणून घेतो. तुम्ही "मोडते आहे, मोडते आहे" म्हणून स्वतःला जे टोचताय त्याची शीलाला गरज नाही.

फोंड्याच्या दादांचं बरंचसं मान्य. पण दोन ठिकाणी अडलो. किसा गोतमी घरोघर फिरली आणि तिला समजलं, कारण तिला काल फिरलेलं घर आज आठवत होतं. ताईंच्या आईला आठवत नाही. मुलाच्या तोंडातला खडा एकदा काढला की निघाला. इथे दर संध्याकाळी बोट घालायचं, दर संध्याकाळी रक्त काढायचं, आणि खडा सकाळी परत जागेवर. अप्रिय सत्य सांगायचं ते हिताचं असेल तरच, हे त्याच सुत्तात आहे ना? मग या माउलीला मरणाची बातमी रोज नव्याने देणं हिताचं कसं? ताईंच्या भावाने जे सांगितलं ते खरं होतं, पण सुत्ताच्या मापाने बोलण्यासारखं नव्हतं, असं मला वाटतं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये विचारलंय की धम्मात नीतीची जागा कुठली, आणि उत्तर दिलंय की नीती म्हणजेच धम्म. धम्मातली नीती माणसाने माणसावर प्रेम करावं या थेट गरजेतून येते, तिला देवाच्या मंजुरीची गरज नाही. करुणेच्याही पुढे जाऊन ते मैत्री सांगतात, सगळ्या जीवांविषयीची. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करायची प्रतिज्ञा आहे आणि खोटं न बोलण्याचीही आहे. आजी दोन्ही एका दमात म्हणायची. तिला त्यात विरोध दिसला नाही.

मला विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. एका भिक्खूला अतिसार झाला होता, स्वतःच्याच घाणीत पडला होता. बुद्ध आणि त्याचा शिष्य आनंद फिरत तिथे आले. तुझी सेवा कुणी का करत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धाने आधी उपदेश केला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी घातलं, आनंदाने धुतलं. एकाने डोकं धरलं, दुसऱ्याने पाय, आणि त्याला खाटेवर ठेवलं. मग बाकीच्यांना बोलावून म्हणाला, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण आहेत: औषध तयार करता येणं, काय सोसेल काय नाही ते ओळखणं, लाभासाठी नाही तर मैत्रीच्या चित्ताने सेवा करणं, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न येणं, आणि धम्माचं बोलून रोग्याला धीर देता येणं. म्हापशाच्या सिस्टर, तुम्हाला पाली येत नाही म्हणालात. चौतीस वर्षं तुम्ही हेच करत होतात. आणि ताई, या पाचात पाचवा गुण तेवढा तुमचा थकलाय. चार तुम्ही रोज करताय.

पाली_वाचक_फोंडा

वास्कोच्या मित्राचा आक्षेप बरोबर आहे. गोतमी शिकू शकत होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दाखला मागे घेत नाही, पण तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य.

ताईंच्या कबुलीबद्दल दोन शब्द. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात करुणेची व्याख्या आहे: "परदुक्खे सति साधूनं हदयकम्पनं करोति", दुसऱ्याला दुःख झालं की सज्जनांचं काळीज हलवते ती. (आपल्या सांकवाळच्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली काढली. घरदार सोडून ज्या काळी ते पाली शिकायला सिंहलद्वीपापर्यंत गेले, त्या काळी गोव्यातून ते किती लांब वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.) त्यात करुणेचे दोन शत्रू सांगितलेत. दूरचा शत्रू क्रौर्य, तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे आपलं स्वतःचं दुःख, जे करुणेच्याच वेशात येतं. तिचं रडणं बघवत नाही म्हणून आपण काहीतरी करतो, तेव्हा नक्की कुणाचं दुःख थांबवतोय ते तपासावं लागतं. राहुलाला बुद्धाने आरसा दाखवला तो यासाठीच: कृती करण्याआधी बघ, करताना बघ, करून झाल्यावर बघ, याने मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का. तुम्ही डाव हातात धरून जे पाहिलंत ते तिसरं बघणं. पुष्कळांना ते आयुष्यभर जमत नाही.

चोडणची_शिक्षिका

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. काय झालं ते सांगायला हवं, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

आमटी आता दुपारीच करून ठेवते. पाचला दिवे. सहाला मी आईच्या आधी सोप्यावर जाऊन बसते, मध्ये तांबड्या भाजीची जुडी. पहिल्या दिवशी फळीचा आवाज आला, तिने विचारलं, आणि माझ्या तोंडात ते जुनं वाक्य अर्ध्यापर्यंत आलं होतं. मी गप्प राहिले. मग सिस्टरांनी सांगितलं तसं विचारलं, "ते येताना तुका कितें हाडटाले?"

ती बराच वेळ देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "फाती." अबोलीची फाती, म्हणजे गजरा. पणजीच्या बाजारातून केळीच्या पानात गुंडाळून आणायचे, शर्टाच्या खिशात घालून, बसच्या गर्दीत चुरगळू नये म्हणून वरून हात धरून. मला हे माहीत नव्हतं. मी एकसष्ट वर्षांची आहे, या घरातच जन्मले, आणि मला हे माहीत नव्हतं. ती सांगत होती तोपर्यंत फेरी परत निघून गेली होती आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

रोज असं होत नाही. गेल्या मंगळवारी तिने पाच वेळा विचारलं, पाचव्यांदा माझा दंड घट्ट पकडला, आणि मी म्हणाले, "येतले." पण या वेळी तिच्याकडे बघून म्हणाले. ते खोटं होतं. मी सकाळी बैठकीत ते खोटं म्हणूनच समोर ठेवलं, त्याला दुसरं नाव दिलं नाही. एकदा तिने स्वतःच विचारलं, "ते गेले मरे?" तेव्हा मी "हय" म्हटलं. तीही माझ्याकडे बघत होती. तेव्हा रडली, पण थोडीच, आणि माझा हात सोडला नाही. विचारणारी तीच होती, म्हणून खरं सांगताना मला भीती वाटली नाही.

भावाला फोन केला. भांडले नाही. म्हटलं, तुला जे सांगायचं ते सांग, पण संध्याकाळी ये आणि रात्री राहा. तो मागच्या शनिवारी आला. सव्वासहाला माझ्या शेजारी बसला होता. आईने विचारलं तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग "आई, फाती खंयच्या रंगाची?" असं काहीतरी वेडंवाकडं विचारलं, अबोलीचा रंग जसा त्याला ठाऊकच नाही. ती त्याला रागावली. रात्री दोनदा त्यानेच उठून तिला बाथरूमला नेलं.

पायाचा आणि भिंतीचा प्रश्न मी विचारला होता, तो आता तसा विचारावासा वाटत नाही. पुन्हा केव्हा तरी लिहीन त्याबद्दल.

सिस्टर, तुम्हाला एक विचारायचं होतं. आठवड्याभरापासून ती पहाटे उठून पुढचं दार उघडायला जाते. कडी तिच्या हाताला येते. कुलूप घातलं तर दार हलवत बसते. तुम्ही लोक काय करता?

निवृत्त_सिस्टर_म्हापसा

कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला बसवून घ्या. या रोग्यांची नजर सहसा वर जात नाही. कुलूप नको, रात्री काही झालं तर तुम्हालाच किल्ली सापडायची नाही. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडा, पुष्कळदा दार आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही. वाटेत पायपुसणं असेल तर काढून टाका, पाय अडकतो. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवा. बहुतेक वेळा त्यांना जायचं असतं ते तिथेच.

आणि पडदा फक्त रात्री हं. संध्याकाळी दार उघडं असू दे, ती बसते तिथून वाट दिसू दे तिला.